आपला हुद्दा सांगा

गाड्या बॅटरीवर धावू लागल्या आणि फलाटावरच्या घोषणा यंत्र करू लागलं, त्याच वर्षी इंदुमती मगदूम मिरजेच्या बसस्थानकावरून निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं त्या चौकशी खिडकीमागे बसल्या होत्या, आणि तिथल्याच माइकवरून गाड्यांच्या घोषणाही त्याच करायच्या. जतची किती वाजता, अथणीची कुठल्या फलाटावर, कोल्हापूरची गेली का, हे दिवसातून हजार वेळा विचारलं जायचं आणि हजार वेळा त्या सांगायच्या. न चिडता, नीट, आणि वर एक जास्तीची माहिती देऊन: "ही चुकली तर पाऊण तासानं दुसरी आहे."

निवृत्तीनंतर खिडकी सुटली, सवय सुटली नाही. कुणी काही विचारलं की इंदुमतीबाईंच्या तोंडून उत्तर बाहेर पडायचंच.

एका मंगळवारी सकाळी अकराला त्यांचा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, बँकेच्या कार्ड विभागातून बोलतोय. तुमच्या क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट आज संध्याकाळी रद्द होतायत. वाचवायचे असतील तर कार्डावरचा सोळा आकडी नंबर सांगता का?"

"सांगते की. चार-चार आकड्यांनी सांगते, म्हणजे तुमचं चुकायचं नाही. घ्या लिहून."

त्यानं लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला.

"नव्हे नव्हे," इंदुमतीबाई म्हणाल्या, "शेवटून तिसरा सहा. तुम्ही नऊ लिहिलंय. खोडा आणि परत वाचा बघू. हां, आता बरोबर. कार्डाची मुदत पण लागेल ना? आणि मागचे तीन आकडे?"

असं गिऱ्हाईक पलीकडच्या माणसाला पहिल्यांदाच मिळालं असावं.

"हो मॅडम... तेही द्या. आता तुमच्या फोनवर एक ओटीपी..."

"आला, आला. घ्या."

दहा मिनिटांनी, इंदुमतीबाईंनी कधी पाहिलंही नाही अशा एका शहरात, त्यांच्या कार्डावर तीन एसी विकले गेले. पोलिसांच्या सायबर कक्षातल्या फौजदार बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्हाला जराही संशय कसा आला नाही?"

"विचारलं म्हणून सांगितलं," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच दुसरं कारण माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी 'तुमचं पार्सल अडकलंय' असा फोन आला, तेव्हाही त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

मग पुण्याहून मुलगी आली.

मयुरी इंजिनिअर होती आणि ज्या कंपनीत होती ती कंपनी नेमकं याच रोगावर औषध काढत होती. औषधाचं नाव 'राखण'. शर्टाच्या गुंडीएवढं यंत्र, कानात बसवायचं, फोनशी जोडायचं. अनोळखी माणसाला कार्डाचा नंबर सांगायला लागलात की ते जागं होतं.

"आणि काय करतं? फोन बंद करतं?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"बंद केला तर तू परत लावशील. मी ओळखते तुला. ते तुझी जीभ अडखळवतं."

मयुरीनं समजावून सांगितलं. माणूस बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज ऐकतही असतो आणि त्या ऐकण्यावर मेंदू जिभेला हाकत असतो. शब्द नीट बाहेर पडला का, पुढचा सोडू का, हे कान सांगतो. आता हाच आवाज कानात सेकंदाच्या पाचव्या भागानं उशिरा सोडला तर मेंदूचा गोंधळ उडतो. त्याला वाटतं, अजून आधीचाच शब्द चाललाय. जीभ थांबते, मागे वळते, स्वतःच्याच पायात पाय घालून पडते. दुखत काही नाही. फक्त बोलता येत नाही.

मयुरी आतल्या खोलीत गेली आणि तिथून आईला फोन करून बँकवाली बनली. इंदुमतीबाईंनी नंबर सांगायला तोंड उघडलं.

"चा... चाऽर... चाचाऽर पा..."

दारात येऊन मयुरीनं टाळ्या वाजवल्या. "चारशे लोकांवर चाचणी घेतलीय आई. एकालाही पुढं जाता आलं नाही."

पंधरा दिवसांनी खरा फोन आला. इंदुमतीबाई 'चा... चाऽर' करू लागल्या. पलीकडचा भामटा सभ्य होता. "सावकाश सांगा मावशी, मी थांबतो," म्हणाला. आणि तो थांबला. तेच वाईट झालं. आपल्यामुळे एक माणूस ताटकळतोय ही गोष्ट इंदुमतीबाईंना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीबाहेरची रांग उभी राहिली. नकळत त्यांची पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली आणि गळ्यातून तो जुना आवाज निघाला.

"लक्ष द्या! कार्ड क्रमांक चार, पाच, तीन, तीन..."

सोळाच्या सोळा आकडे, खणखणीत. वर एकदा पुन्हा.

मयुरी रात्रीच्या गाडीनं आली ती मोजपट्टी घेऊन थेट बसस्थानकावर गेली, आणि तिथून घरी आली. "सत्तर मीटर!" ती दारातच ओरडली. "आई, तुझ्या खिडकीपासून घोषणेचा भोंगा सत्तर मीटरवर आहे. तिथून तुझा आवाज तुझ्याकडे यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. बरोबर तेवढाच! तू एकतीस वर्षं स्वतःचा उशिरा आलेला आवाज ऐकत बोललीस. तुझ्या जिभेनं तुझ्या कानाचं ऐकणंच सोडून दिलंय."

"म्हणजे चारशे लोकांना जमलं नाही ते मला जमलं?"

"आई, यात खूश होण्यासारखं काही नाही."

"मी कुठं खूश झाले?" इंदुमतीबाई म्हणाल्या आणि साडीचा पदर नीट केला.

कंपनीत मात्र खळबळ उडाली. एका मिरजेच्या बाईनं यंत्र हरवलं म्हटल्यावर दुसरी आवृत्ती निघाली. ही जिभेच्या वाटेला जातच नव्हती. फसलेल्या हजारो लोकांच्या फोनवरच्या संभाषणांचा अभ्यास करून तिला एक गोष्ट शिकवली होती: भुललेला माणूस ओळखायचा कसा. भुललेल्या माणसाचा श्वास आखूड होतो. आवाज किंचित चढतो. तो उलट प्रश्न विचारायचं थांबतो आणि 'हो' वाढत जातात. ही लक्षणं दिसली की यंत्र बोलणाऱ्याचा खरा आवाज फोनमध्येच अडवायचं आणि त्याच्याच हुबेहूब आवाजात, शांतपणे, पलीकडच्याला स्वतः उत्तर द्यायचं. बोलणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. कळलं तर तो यंत्राशी वाद घालील, असं कंपनीचं मत होतं.

मयुरीनं आईला एवढंच सांगितलं, "थोडी सुधारणा केलीय. तू नेहमीसारखं बोलत जा. फक्त आपल्या माणसांची नावं या यादीत भर, त्यांना ते त्रास देत नाही."

यादीत रकाने होते: नाव, नंबर, नातं. इंदुमतीबाईंनी मयुरीचं नाव भरलं, भावाचं भरलं. तिसऱ्या ओळीत 'शिवगोंडा चौगुले' एवढं लिहिलं, नंबर लिहिला आणि नात्याच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढं जाऊ देईना. 'सहकारी' लिहावं, तर दोघंही निवृत्त. 'मित्र' लिहिण्याची कल्पनाच त्यांना करवेना, कारण यादी मयुरी बघणार होती. शेवटी त्यांनी ती ओळ पुसून टाकली.

चौगुले म्हणजे मिरज-विजापूर गाडीचे चालक. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरून तेही निवृत्त झाले होते आणि गावी दीड एकर द्राक्षं सांभाळत होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. इंदुमतीबाईंचे यजमान जाऊन अकरा. निवृत्तिवेतनाच्या अर्जाबद्दल विचारायला चौगुल्यांनी एकदा संध्याकाळी पाचला फोन केला. इंदुमतीबाईंनी नीट सांगितलं, वर जास्तीची माहिती दिली. दुसऱ्या दिवशी पाचला त्यांनी आणखी काही विचारलं. वर्षभरात अर्जाचे प्रश्न संपले, पण पाचचा फोन सुरूच राहिला. द्राक्षावर पडलेली भुरी, गुडघे, नव्या गाड्यांना हॉर्नच नीट नाही, असं काहीही. फोन नऊ-दहा मिनिटांत संपायचा. इंदुमतीबाई साडेचारलाच केस विंचरून बसायच्या. फोनवर दिसत नाही हे त्यांना माहीत होतं.

त्या सोमवारी चौगुले पहिल्यापासून अडखळत होते.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा की."

"म्हणजे बघा. तुमची मयुरी पुण्याला. माझा पोरगा बंगळूरला. तुम्ही तिकडं एकट्या जेवता, मी इकडं एकटा जेवतो. भाजी करावी तर तीन दिवस पुरते. मी काय म्हणतो, आपण रीतसर लग्न करून एका घरात राहिलो तर?"

इंदुमतीबाईंचा श्वास वरच्या वर अडकला. आवाज चढला. उलट विचारायला एक प्रश्न सुचला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "हो चौगुले. हो."

राखणच्या दृष्टीनं याहून वाईट अवस्था असूच शकत नव्हती.

चौगुल्यांच्या कानावर पडलं ते असं, अगदी मॅडमच्याच स्वच्छ, शांत आवाजात: "आपण सांगितलेली योजना मला समजली. आपली ओळख पटल्याशिवाय मी कोणताही निर्णय कळवू शकत नाही. कृपया आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता सांगा."

चौगुले खाकरून म्हणाले, "शिवगोंडा बाळगोंडा चौगुले. निवृत्त चालक. पत्ता... पत्ता गावचाच."

इंदुमतीबाईंना वाटलं, आनंदानं माणूस लग्नपत्रिकाच वाचायला लागला. त्यांना हसू आवरेना. "मला माहीत आहे हो सगळं!" त्या म्हणाल्या.

"या माहितीच्या पुष्ट्यर्थ आपल्याकडे कागदपत्रं आहेत का?" चौगुल्यांना ऐकू आलं.

"आहेत की," चौगुले हळू आवाजात म्हणाले. "काही आहेत, काही काढावी लागतील. बरं. ठेवतो मग." आणि त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी पाचला फोन आला नाही. बुधवारी आला नाही. गुरुवारी इंदुमतीबाईंनी लाज बाजूला ठेवून स्वतः लावला, तर नुसता वाजत राहिला. आपण फार पटकन हो म्हटलं का? तीन वेळा म्हणायला नको होतं. माणूस घाबरला असेल. गुरुवारी त्यांनी केस विंचरले, पण जेवल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी फोनच्या पडद्यावर फुलांची आरास उमटली. "अभिनंदन! या आठवड्यात आपली एक गंभीर फसवणूक टळली. प्रकार: विवाहाचं आमिष. धोका: चौऱ्याण्णव टक्के. संभाषण ऐकण्यासाठी इथे दाबा."

इंदुमतीबाईंनी दाबलं. आपल्याच आवाजातलं ते 'योजना' त्यांनी ऐकलं, 'हुद्दा सांगा' ऐकलं आणि मंगळवारपासून फोन का आला नाही ते त्यांना कळलं.

त्याच वेळी पुण्याला हा अहवाल मयुरीच्याही पडद्यावर आला होता. शनिवारी सकाळी ती दारात हजर झाली.

"आई, कोण आहे हा माणूस?"

"चौगुले. विजापूर गाडीचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्या यादीत नातं विचारलं होतं. काय लिहू?"

मयुरी खुर्चीत बसली. "आई, मी रोज हेच बघते गं. एकट्या बायका, गोड बोलणारे पुरुष. आधी लग्न, मग कार्ड. यंत्र काही उगाच चौऱ्याण्णव टक्के म्हणत नाही. तुझ्या आवाजात सगळी लक्षणं होती. तू पूर्ण भुलली होतीस."

"होतेच," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मग?"

मयुरी पडद्यावरचा अहवाल पुन्हा वरखाली करू लागली.

"मला एक सांग," आई म्हणाली. "त्या एसीवाल्याशी बोलताना आणि चौगुल्यांशी बोलताना माझा गळा सारखाच हलला असणार. मी दोघांवरही विश्वासच ठेवला ना? मग खरा कोण आणि खोटा कोण, हे माझ्या गळ्यात कसं सापडेल? ते त्या माणसांत आहे. ते तिकडं जाऊन बघायला पाहिजे. तुमचं यंत्र सगळा वेळ माझ्याच घशात शोधत बसलंय."

मयुरीच्या गटात बावीस इंजिनिअर होते. दोन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

इंदुमतीबाईंनी कानातली गुंडी काढली आणि टेबलावरच्या बशीत ठेवली.

"पण आई, कार्डाचं काय? उद्या कुणी विचारलं की तू सांगणारच."

"मग मला शिकव. यंत्राला दोन वर्षं शिकवलंस, मला दहा मिनिटं दे."

मयुरीनं शिकवलं. फोन आपल्याला आला असेल तर कार्डातला एक आकडाही सांगायचा नाही, माणूस कितीही सभ्य असो. घाई करत असेल तर मुळीच नाही. फोन ठेवायचा. कार्ड उलटं करायचं, मागं बँकेचा नंबर छापलेला असतो, त्यावर आपण स्वतः फोन करून विचारायचं.

"एवढंच? मग यंत्र कशाला काढलंत?"

"कारण लोकांना फोन ठेवणं जमत नाही."

ते खरंच होतं. मयुरी आतल्या खोलीत जाऊन बँकवाली झाली. पहिल्या खेपेला इंदुमतीबाईंनी आठ आकडे सांगितले. दुसऱ्या खेपेला चार. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चौकशी बंद आहे. मी बँकेला स्वतः फोन करीन," आणि समोरच्याचं ऐकून न घेता फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणालातरी उत्तर न देता परत पाठवलं होतं.

"जमलं!" मयुरी आतून ओरडली.

"जमलं ना? मग चल, चप्पल घाल. चौगुल्यांच्या गावाला जायचंय. साडेअकराची गाडी आहे. ती चुकली तर..."

दारावरची घंटा वाजली.

बाहेर शिवगोंडा चौगुले उभे होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, घामानं ओला. छातीशी दोरीनं बांधलेली एक जाडजूड फाईल धरली होती.

"मॅडम, उशीर झाला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "फोन करणार होतो, पण म्हटलं कागद हातात आल्याशिवाय कुठल्या तोंडानं करायचा? तुमचं बरोबरच आहे. आजकाल कुणावर विश्वास ठेवायचा? मी असा एकदम विचारायला नको होतं."

इंदुमतीबाईंना सगळं एकदम सांगायचं होतं, आणि आता कानात कुठलंही यंत्र नसताना त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या नुसत्या बाजूला झाल्या. चौगुले आत आले, मयुरीला नमस्कार केला आणि फाईल तिच्यापुढे ठेवली. तीच तपासणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मयुरीनं दोरी सोडली. आधार. निवृत्तिवेतनाचा आदेश. वाहन परवाना. द्राक्षबागेचा सातबारा. पत्नीच्या मृत्यूचा दाखला, त्याची घडी फार जपून घातलेली. रक्ताची तपासणी, परवाच केलेली.

"हे कशाला?"

"पुढं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. साखर आहे मला. हुद्द्याचं मात्र अडलं. निवृत्त माणसाला हुद्दा नसतो म्हणतात. शेवटी आगारातल्या साहेबांच्या हातापाया पडून 'माजी चालक' लिहून घेतलं."

शेवटी ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला होता. मयुरीनं मोठ्यानं वाचला. "सदर इसम या गावचे कायमचे रहिवासी असून... दाखला देण्याचं कारण, विवाहासाठी."

"कारण लिहावंच लागतं," चौगुले जमिनीकडे बघत म्हणाले. "सरपंच दोन दिवस बाहेर होते, म्हणून थांबावं लागलं. काल पंचायतीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आता गावाला माहीत झालंय. तुमचं नाही ठरलं तरी चालेल मॅडम, मी सांगीन काहीतरी."

एकसष्ट वर्षांचा माणूस पंचायतीत उभा राहून हे कारण सांगतोय, हे चित्र मयुरीच्या डोळ्यांसमोर आलं. तरी ती नेटानं पुढं गेली. "चौतीस वर्षांत अपघात?"

"एक. जतच्या पुढं. म्हैस."

"चूक कुणाची?"

"चौकशीत म्हशीची ठरली." चौगुले थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरं सांगायचं तर माझी होती. डुलकी लागली होती. म्हैस वाचली, माणसं वाचली. नंतर परत कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहिलं."

मयुरीनं फाईल मिटली.

"काका," ती म्हणाली, "सोमवारी आई फोनवर ते बोलली नाही. ते आमचं यंत्र बोललं. चूक माझी आहे."

चौगुल्यांना ते नीट समजलं नाही. ते इंदुमतीबाईंकडे बघू लागले. "मग मॅडम काय बोलल्या होत्या?"

"हो म्हटलं होतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, श्वासही वरच होता. "तीन वेळा."

"हे आत्ता तुम्हीच बोलताय ना?"

इंदुमतीबाईंनी हात पुढं केला. "धरून बघा."

चौगुल्यांनी आधी स्वतःचा हात सदऱ्याला पुसला.

मयुरी उठली आणि चहा ठेवायचं निमित्त करून आत गेली. पाणी उकळायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती आत राहिली. बाहेर दोघं एकदम बोलत होते आणि एकदम गप्प होत होते. तीन कप मांडून तिनं साखरेचा डबा उघडला, दोन कपांत चमचा रिकामा केला, आणि तिसऱ्यावर आलेला हात तसाच मागं घेतला.